ताई, एक विचारू? : नानांना सांगायचं की नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं सासर धुळ्याचं, माहेर पारोळा तालुक्यातलं. वडिलांना आम्ही नाना म्हणतो, वय ५८. संक्रांतीनंतर त्यांना सारखा थकवा यायला लागला, दात घासताना हिरड्यांतून रक्त, मांडीवर निळे डाग. गावात सलाईन लावून झाल्या. मग जळगावला रक्त तपासलं आणि तिथून थेट मुंबईला पाठवलं. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया निघाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. महिनाभर भरती राहून पहिली केमो झाली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे, पण आणखी तीन डोस लागतील. त्यातला दुसरा देऊन आठ दिवसांपूर्वी नानांना घरी आणलं.

नानांना आम्ही सांगितलंय की रक्तात इन्फेक्शन आहे. खरं फक्त मला, भावाला आणि काकांना माहीत आहे. आईला अर्धं माहीत आहे. भाऊ म्हणतो, सांगितलं तर ते हाय खातील. मला वाटतं, त्यांना कळलेलंच आहे. परवा मला म्हणाले, "इन्फेक्शनले एवढा पैसा लागस का?" मी उठून आत गेले.

भाऊ चोवीसचा. मुंबईला तोच राहतो, रक्त द्यायलाही तोच पुढे. आताशा माझ्यावर खेकसतो, तू पाहुणी, येतेस आणि जातेस म्हणतो. आई जेवत नाही, नानांच्या ताटातलं उरलेलं खाते. काका दोन एकर विकायचं म्हणतात. सासरचे बोलत नाहीत, पण कॅलेंडर बघतात. अखजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय, आत्या आणि बहिणी येणार, त्यांना काय सांगू? नानांना संध्याकाळी थोडी कणकण वाटते, आई क्रोसिन देते, मग रात्र बरी जाते. मी कुठून सुरुवात करू?

उत्तर : बाई, तुझं पत्र वाचत मी शेवटपर्यंत आले आणि क्रोसिनपाशी थांबले. खाली तुझा नंबर होता, लगेच फोन लावला. त्याच रात्री तू नानांना धुळ्याला भरती केलंस, अँटिबायोटिक सुरू झालं, ते आता बरे आहेत, हे सगळं आपल्या दोघींना माहीत आहे. तरी हा भाग छापायला सांगितलाय, कारण ही क्रोसिन घरोघरी दिली जाते.

केमो वाईट पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशींनाही झोपवते. डोस झाल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात त्या तळाला जातात आणि वर यायला पुढे आणखी बरेच दिवस घेतात. म्हणजे माणूस दवाखान्यातून सुटून घरी येतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि धोका तेव्हाच सुरू होतो. या दिवसांत जंतू शिरला तर पू होत नाही, सूज फारशी येत नाही, कारण पू करणाऱ्या पेशीच जागेवर नसतात. ताप ही एकच खूण उरते. ती आपण गोळी देऊन पुसून टाकतो. म्हणून आधी थर्मामीटर, मग फोन, मग डॉक्टर सांगतील ती गोळी. काट्यावर १००.४ दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. तापाशिवाय नुसती हुडहुडी भरली तरी नाही.

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आणि हीच चूक मी स्वतः केलीय. २००९ साली माझ्या वडिलांना हाच आजार होता. आप्पा शिंपी होते, अमळनेरजवळच्या खेड्यात. दुसऱ्या डोसानंतर एका रात्री अकराला त्यांना १०१ ताप. मी गोळी दिली, अंग पुसलं, आणि मनात म्हटलं, एवढ्या रात्री कुणाच्या दारात जाऊन गाडी मागायची? पहाटे पाचला हाताला हात लावला तर बर्फासारखा. नाडी सापडेना. पुढे ११ दिवस आयसीयू. वाचले ते, पण अकरा ते पाच हे सहा तास मी अजून मोजते. तेव्हा गाडी कुणाची, चालवणार कोण, हे आजच ठरवून ठेव, आणि त्या माणसाला सांगून ठेव की रात्री दोनलाही हाक येईल.

दुसरं, मुंबईच्या डॉक्टरांकडून एक पानाची चिठ्ठी घेऊन फाईलच्या सगळ्यात वर लाव. कोणता आजार, कोणती केमो, कोणत्या तारखेला, ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं, आणि मुंबईचा नंबर. गावाकडच्या डॉक्टरला असा पेशंट वर्षात एखादा दिसतो, त्याला दोष नाही. पण तो सवयीने कमरेत सुई मारायला जाईल. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी असताना ती सुई चालत नाही, आत रक्त साकळतं. ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्याही नकोत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. हे तोंडाने सांगताना तुझी जीभ अडखळेल, समोर डॉक्टर असतो ना. कागद अडखळत नाही.

आता नानांना सांगायचं की नाही.

आप्पांना आम्हीही सांगितलं नव्हतं. आम्ही "रक्त कमी झालंय" म्हणत होतो. रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरलो, टॅक्सीत बसलो. परळ म्हटल्यावर टॅक्सीवाल्याने आरशातून आप्पांकडे बघितलं, मग मला विचारलं, "कॅन्सरचं ना? मग त्या दुसऱ्या गेटला सोडतो." चांगला माणूस होता, चालायला कमी पडावं म्हणूनच विचारत होता. आप्पा खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यानंतर चार दिवस त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल. पाचव्या दिवशी सलाईनची बाटली बदलत होते तेव्हा म्हणाले, "माले ठाऊक शे. तुले रडू येई म्हनीसन मी बोलनू नही."

म्हणजे मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला. मधे चार रात्री दोघंही जागे, दोन हातांवर खाटा.

तुझे नाना "एवढा पैसा लागस का" म्हणाले तेव्हा त्यांनी दार किलकिलं केलं होतं. ते पुन्हा करतील. तेव्हा उठून जाऊ नकोस. उत्तरही घाईने देऊ नकोस, आधी विचार : "नाना, डॉक्टर बोलले त्यातलं तुम्हाला काय कळलं?" ते जिथवर आलेले असतील तिथून पुढे ने. कॅन्सर हा शब्द एकदा स्पष्ट उच्चार, मग लगेच उपचाराचं सांग, कारण तुझ्याकडे सांगायला खरंच चांगली गोष्ट आहे. पहिल्या केमोनंतर "रिपोर्ट चांगला" म्हणजे हाडाच्या मगजात खराब पेशी ५ टक्क्यांच्या खाली आल्या. डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. पुढचे डोस का, तर जे दिसत नाही ते तण मुळासकट काढायला. कापसात पहिली निंदणी करून कुणी घरी बसतं का? नाना शेतकरी आहेत, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. फक्त "तुम्ही शंभर टक्के बरे होणार" असं वचन देऊ नकोस. ते आपल्या हातात नाही, आणि त्यांना ते कळतं. जमत नसेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगायला लाव, पण तेव्हा तू आणि भाऊ दोघंही खोलीत हवेत.

भावाची समजूत घालताना "तू चुकतोयस" म्हणू नकोस. हाय खाण्याची भीती त्याची स्वतःची आहे. महिनाभर तो एकटा वॉर्डाच्या बाहेर झोपलाय.

फोनवर तू सहज म्हणालीस, नाना झोपतात त्याच्या शेजारच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय, भाव वाढेल म्हणून ठेवलाय. बाई, तो कापूस हलव. आपल्याकडे निम्म्या घरांत या दिवसांत कापूस असतो, अंगाला खाज सुटली तरी कुणी काही म्हणत नाही. पण धूळ आणि ओलसर कोपऱ्यातली बुरशी पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात बसते, आणि ती उठवणं कठीण जातं. कुट्टीची पोती, गोठा साफ करणं, घरात चाललेली फरशीची तोडफोड, हे सगळं याच रांगेत. कापूस हलवायचा म्हणजे विकायचा, आणि कधी विकायचा हे तुझ्या माहेरी आजवर कोण ठरवत आलंय? नानाच ना. मग त्यांनाच विचार. काका आणि भाऊ परस्पर व्यापारी बोलावतील, तसं होऊ देऊ नकोस. आजारी माणसाच्या हातातून आपण एकेक गोष्ट काढून घेतो, प्रेमानेच घेतो, आणि मग म्हणतो की ते गप्प गप्प असतात. आप्पांची मशीन मी झाकून ठेवली होती. प्लेटलेट १५ हजार, सुई टोचली तर काय, म्हणून. तेव्हा ते बरोबरच होतं. पण पेशी वर आल्यावरही तीन आठवडे मी ती झाकलेलीच ठेवली, त्याला काही कारण नव्हतं.

रक्ताबद्दल. भाऊ दर वेळी स्वतः देतो, हे आधी डॉक्टरांना विचार. पुढे बोनमॅरो (हाडातला मगज) बदलायचा विचार असेल तर घरच्यांचं रक्त आधी चढवलेलं नको असतं, त्याने पुढे मगज नाकारला जाण्याची भीती वाढते. नानांच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाचा मगज पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुम्हा मुलांचा निम्मा तर जुळतोच. म्हणजे काका, आत्या, तू आणि भाऊ यांना राखून ठेवायचं आणि गावातल्या पोरांना पुढे करायचं. प्लेटलेटची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, म्हणून आधी जमवून ठेवता येत नाही. माणसं जमवून ठेवावी लागतात. मशीनवर द्यायला तास-दीड तास लागतो, लाल रक्त परत अंगात सोडतात, काम थांबत नाही. वीस पोरांची नावं, रक्तगट आणि कोण कोणत्या वारी मोकळा, एवढं एका वहीत लिही. भाऊ एकटा दाता, एकटा हमाल आणि एकटा पहारेकरी आहे, म्हणून खेकसतो. पुढच्या डोसाला दहा दिवस तो, दहा दिवस काका किंवा त्यांचा मुलगा. तू धुळ्यात बसून फाईल, तारखा, फोन आणि पैशांचा हिशेब घे. मग तू पाहुणी राहत नाहीस.

दोन एकराची घाई नको. ज्या दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथल्या आरोग्यमित्राकडे जा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते विचार. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट बरोबर ने. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेच्या बाहेरच्या खर्चासाठी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात वेगळा अर्ज होतो, मुख्यमंत्री सहायता निधीलाही करता येतो. रेल्वेचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घेतलात का? कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीला पूर्ण सूट आहे, बरोबरच्या एकाला ७५ टक्के. महाग लॉजवर राहू नका, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीची जागा आहे, अर्ज आधी करा, गर्दी असते. एवढं करून कमी पडलं तर जमिनीचं बघू. आमच्या गल्लीत एकाने आधी विहिरीवरचं शेत विकलं आणि मग त्याला योजना कळली. तो अजून दुसऱ्याच्या शेतात जातो.

आईचं. "जेव" म्हणून ती जेवणार नाही. तिच्या ताटात आधी वाढ, नानांच्या समोर बसव, आणि नानांनाच म्हणायला सांग. उरलेलं खाण्याची तिची खोड मात्र दोन्ही बाजूंनी मोडायची : नानांना शिळं द्यायचं नाही आणि तिनेही खायचं नाही. नानांचं खाणं साधं ठेव. ताजं, गरम, घरचं. पाणी उकळून निवलेलं, दूध तापवलेलं. कच्ची कोशिंबीर, रसवंतीचा रस, बर्फाचा गोळा नको. केळं, आंबा ही सालीची फळं धुऊन, घरी सोलून चालतात. तोंड आलं असेल तर ठेचा बंद, कळण्याची भाकरी दुधात मऊ कुस्करून दे. ब्रश मऊ हवा, मंजन-मिश्री नको, दिवसातून चार वेळा कोमट मीठपाण्याच्या गुळण्या. पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा घेऊन कुणीतरी येईलच, आलं नाही तर मला कळव, मला आश्चर्य वाटेल. भांडू नकोस, घेऊन ठेव, देऊ नकोस. केमो आधीच लिव्हरवर भार टाकते.

अखजी करा. झोका बांधा, पितरांची आगारी टाका, खापरावरची पुरणपोळीही करा. नानांच्या पेशी तोवर वर आल्या का, ते आदल्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टरांना विचार. आल्या असतील तर ओसरीवर खाट टाका, लेकी-बहिणी हात धुऊन, दोन हात लांब बसतील. नसतील तर ते आतून खिडकीतून बघतील. सर्दी-खोकलावाला आणि नाक गळणारं पोर त्या दिवशी नकोच, मग तो आत्याचा लाडका नातू का असेना. आत्याला काय सांगायचं, हे तू ठरवू नकोस. तोवर नानांना कळलेलं असेल, बहीण त्यांची आहे, तेच सांगतील.

आणि तुझे सासरचे कॅलेंडर बघतात तर बघू देत. पण नवऱ्याला तारखा लिहून दे. पुढच्या डोसाच्या, घरी येण्याच्या, धोक्याच्या पंधरा दिवसांच्या. "किती दिवस चालणार" हा प्रश्न कागदावर उतरला की त्याची धार बरीच कमी होते.

प्रश्न : शेजारच्या काकांना रक्ताचा कॅन्सर आहे. भेटायला जावं तर काय न्यावं? (शिरपूर)

उत्तर : फुलं नको, फळांची परडी नको, आणि "माझ्या मामेभावाला असंच झालं होतं, तो सहा महिन्यांत..." ही गोष्ट तर अजिबात नको. जाण्याआधी फोन करा, सर्दी असेल तर जाऊच नका. दारात उभं राहून दहा मिनिटं पिकाचं, पावसाचं बोला. न्यायचंच असेल तर काम न्या : त्यांच्या मुलाबरोबर बँकेत जा, त्यांच्या शेताला एक पाणी द्या, शाळेतून नातवाला आणा, रक्तगट सांगून या. "काही लागलं तर सांगा" असं म्हटलं की कुणी काही सांगत नाही. "मंगळवारचा डबा माझा" म्हणा.

प्रश्न : आईला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. दोन वर्षं रोज इमॅटिनिबची गोळी घेते. आता एकदम ठणठणीत, पाटावर बसून बिबडे (ज्वारीचे पापड) लाटते. गोळीने पायात गोळे येतात आणि डोळ्यांखाली सूज येते म्हणून ती बंद करू म्हणते. करावी का? (चाळीसगाव)

उत्तर : नाही. ती बिबडे लाटतेय ते गोळीमुळेच. तुमच्या आईचा आजारही रक्ताचाच कॅन्सर, पण सावकाश वाढणारा, वरच्या पत्रातल्या नानांपेक्षा वेगळा आहे. २००१ मध्ये ही गोळी बाजारात आली आणि तोवर बोनमॅरो बदलण्याशिवाय फारसा उपाय नसलेला हा आजार रक्तदाबासारखा सांभाळता येऊ लागला. पण आठवड्यातून दोन-तीनदा चुकवली तरी पेशी गोळीला सरावतात, मग तीच गोळी काम करत नाही. काही जणांची ती बरीच वर्षं उत्तम रिपोर्ट राहिल्यावर डॉक्टर बंद करून बघतात, पण महिन्या-महिन्याला तपासणी करत. घरच्या घरी नाही.

सूज आणि गोळे खरे आहेत, ते डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो. गोळी जेवणाबरोबर आणि पेलाभर पाण्यासोबत द्या, उपाशीपोटी मळमळते. बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी, म्हणजे आजार किती उरलाय ते सांगणारी, दर तीन महिन्यांनी चुकवू नका, आणि तो आकडा आईला वाचून दाखवा. नुसतं "चांगला आहे" म्हणू नका. माझ्या ओळखीच्या एक आजी तो आकडा दारामागच्या भिंतीवर खडूने लिहितात, दुधाच्या हिशेबाच्या खाली.